इक्बाल कसा वाचावा: मराठी वाचकासाठी एक वाट

शाळेत ‘सारे जहाँ से अच्छा’ म्हटलेल्या माणसाला पुढे कधीतरी कळतं की हे गाणं लिहिणारा कवी पाकिस्तानचा राष्ट्रकवी मानला जातो. मग तो एकतर गोंधळतो किंवा चिडतो, आणि दोन्हींत कविता वाचायची राहून जाते. ज्यांना उर्दू येत नाही पण गझलांची आवड आहे, चार शेर पाठ आहेत आणि इक्बाल जरा नीट वाचावासा वाटतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. काय आधी, काय नंतर, काय सोडून दिलं तरी चालेल, एवढंच यात सांगायचं आहे. मराठी वाचक इक्बालकडे रिकाम्या हाताने जात नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याची लय आपल्या कानात आहे, त्याचा एक आवडता संस्कृत कवी आपल्या पाठ्यपुस्तकात आहे आणि ज्या प्रश्नाने त्याला आयुष्यभर छळलं त्यावर पुण्यात एक जाडजूड ग्रंथ त्याच सुमारास छापला गेला आहे.

आधी एवढं आयुष्य माहीत असू द्या

चरित्राचा ठोकळा घेऊन बसू नका, सांगाडा पुरे. जन्म ९ नोव्हेंबर १८७७, सियालकोट. वडील शेख नूर मुहम्मद शिवणकाम करणारे, सूफी वळणाचे. घराणं मूळचं काश्मिरी ब्राह्मणांचं. सियालकोटला सय्यद मीर हसन यांच्याकडे अरबी-फारसीचा पाया पक्का झाला, पुढे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन १८९९ साली एम. ए. तिथे थॉमस अर्नोल्ड हे प्राध्यापक भेटले. गझला दुरुस्तीसाठी दाग देहलवींकडे टपालाने जायच्या. थोड्याच काळात उस्तादांनी कळवलं की आता दुरुस्तीची गरज उरलेली नाही.

१९०५ ते १९०८ युरोप: केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टरी आणि म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय इराणातल्या तत्त्वचिंतनाचा विकास. ही तीन वर्षं लक्षात ठेवाच, कारण त्याच्या कवितेचे आधी आणि नंतर असे दोन भाग इथे पडतात. परतल्यावर लाहोरला वकिली, १९२३ मध्ये ‘सर’ हा किताब, १९२६ पासून पंजाबच्या कायदेमंडळात काही वर्षं, दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलमेज परिषदेला हजेरी. १९३४ पासून घशाच्या आजाराने आवाज बसला. ज्याच्या कवितावाचनाला हजारो लोक जमायचे त्याला शेवटची वर्षं कुजबुजत बोलावं लागलं. भोपाळच्या नवाब हमीदुल्ला खानांनी उपचारांची सोय केली आणि दरमहा ५०० रुपये तनखा बांधून दिला. २१ एप्रिल १९३८ रोजी लाहोरला मृत्यू. कबर बादशाही मशिदीच्या दाराशी. म्हणजे फाळणी त्याने पाहिलेली नाही, हे वादात उतरण्यापूर्वी आठवावं.

पहिली पायरी: डोळ्यांनी नव्हे, तोंडाने

अर्थाच्या मागे लागण्याआधी दोन कविता मोठ्याने म्हणा. पहिली ही:

सितारों से आगे जहाँ और भी हैं
अभी इश्क के इम्तिहाँ और भी हैं

आता लगेच ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणून पाहा. चाल तीच. उर्दूवाले या वृत्ताला मुतकारिब म्हणतात, आपण भुजंगप्रयात म्हणतो. लगागा लगागा लगागा लगागा, चार ‘य’ गण. समर्थांचा श्लोक ज्या चालीवर घराघरात म्हटला गेला त्याच चालीवर इक्बालचा ससाणा उडतो:

परिंदों की दुनिया का दरवेश हूँ मैं
कि शाहीं बनाता नहीं आशियाना

फक्त एक सवय करून घ्यावी लागते. उर्दूत ‘से’, ‘की’, ‘का’, ‘है’ यांसारखे शब्द वृत्ताच्या गरजेप्रमाणे ऱ्हस्व उच्चारतात. मराठी वृत्तात ही मोकळीक नाही, त्यामुळे सुरुवातीला जीभ अडखळते. ‘से आगे’ मधला ‘से’ झटकन टाकून ‘आ’वर जोर दिलात की गाडी रुळावर येते.

दुसरी कविता अर्थात ‘सारे जहाँ से अच्छा’. तिचं वृत्त मराठीत आनंदकंद म्हणून ओळखलं जातं: गागाल गालगागा, दोनदा. सुरेश भटांचं ‘केव्हातरी पहाटे’ याच वृत्तात आहे. हे एक वृत्त कानात बसलं की इक्बालच्या सुरुवातीच्या कितीतरी कविता आपोआप वाचता येतात: ‘नया शिवाला’, ‘एक आरजू’, ‘जुगनू’, मुलांसाठी लिहिलेली ‘परिंदे की फरियाद’. सगळ्या एकाच चालीत म्हणून पाहा. अर्थ निम्मा कळला तरी चालेल, या टप्प्यावर कान तयार होणं महत्त्वाचं.

दुसरी पायरी: शब्दांची भीती घालवा

इक्बाल अवघड वाटतो तो विचारांमुळे कमी आणि फारसी जोडशब्दांमुळे जास्त. त्यातलं निम्मं कोडं ‘इजाफत’ समजली की सुटतं. दोन शब्दांच्या मध्ये ‘ए’ आला की मराठीत उलटीकडून वाचायचं: दर्द-ए-निहाँ म्हणजे लपलेलं दुःख, खाक-ए-वतन म्हणजे मायभूमीची माती. मध्ये ‘ओ’ आला तर तो ‘आणि’: रोज-ओ-शब, दिवस आणि रात्र. ‘रोज’ तर आपण रोजच वापरतो. दरबार, बाजार, जमीन, हुकूम, फिर्याद, बाग, बहार, गुलाम, मुक्काम असे शेकडो शब्द शिवकाळाआधीपासून मराठीत मुरलेले आहेत. हिंदीभाषक ‘बाजार’मधला ‘ज’ पुष्कळदा ‘जीवन’सारखा कडक म्हणतात, आपला तो मुळातच मऊ, उर्दूच्या जवळचा. मी इथे ओळी नुक्ते (अक्षराखालची टिंबं) न देता लिहिल्या आहेत, मराठी छपाईत तसाच प्रघात आहे. पण ऐकताना ‘ख’ आणि ‘ग’ घशातून येतात तिकडे लक्ष असू द्या.

साधनं दोनच सांगतो. एक, रेख्ता हे संकेतस्थळ. तिथे कविता उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत मिळते आणि शब्दावर बोट टेकवलं की अर्थ दिसतो. दुसरं, माधव जूलियन, म्हणजे प्रा. माधव त्रिंबक पटवर्धन यांचा ‘फारसी-मराठी कोश’. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तो १९२५ साली काढला, ऐतिहासिक कागदपत्रं वाचणाऱ्यांसाठी. पण इक्बालसाठीही तो उपयोगी पडतो. मराठीत गझल रुजवणारा कवी फारसीचा प्राध्यापक होता आणि त्याने आपल्यासाठी कोशही करून ठेवला, याचा फायदा आपण फारच कमी घेतला आहे.

याशिवाय काही प्रतिमा आधीच ओळखून ठेवा. शाहीन (ससाणा) म्हणजे घरटं न बांधणारा, दुसऱ्याने मारलेली शिकार न खाणारा स्वतंत्र जीव. लाला हे रानातलं लाल फूल, कुणी न लावता उगवणारं. इश्क म्हणजे प्रेयसीवरचं प्रेम असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती माणसाला कामाला लावणारी आतली आग असते. तिच्यासमोर उभी असते अक्ल, हिशेब करणारी बुद्धी. या दोघींचं भांडण त्याने अनेकदा रंगवलंय, पण मला सगळ्यात आवडतो तो हा समजूतदार शेर:

अच्छा है दिल के साथ रहे पासबान-ए-अक्ल
लेकिन कभी कभी इसे तन्हा भी छोड दे

मनासोबत बुद्धीचा पहारेकरी असावा हे बरंच, पण कधीकधी त्याला एकटंही सोडावं.

तिसरी पायरी: ‘बांग-ए-दरा’, पण निवडून

हा त्याचा पहिला उर्दू संग्रह, १९२४ सालचा. तोवर त्याचे तीन फारसी काव्यग्रंथ येऊन गेले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. संग्रहाचे तीन भाग आहेत: १९०५ पर्यंत, १९०५ ते १९०८ आणि १९०८ नंतर. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत जाण्याचा हट्ट धरू नका, मध्येच कंटाळून पुस्तक मिटाल.

पहिल्या भागातून ‘हिमाला’ घ्या. लाहोरच्या ‘मखजन’ मासिकात १९०१ साली ती छापून आली आणि कवीचं नाव झालं. मग ‘बच्चे की दुआ’, म्हणजे ‘लब पे आती है दुआ बनके तमन्ना मेरी’. ‘आफताब’ ही कविता तर अवश्य शोधा. तो गायत्री मंत्राचा अनुवाद आहे, आणि तसं कवीने शीर्षकाखालीच नोंदवलंय. ‘नया शिवाला’ मध्ये ब्राह्मणालाही सुनावलंय आणि मौलवीलाही, आणि शेवटी मातृभूमीलाच देव केलंय:

पत्थर की मूरतों में समझा है तू खुदा है
खाक-ए-वतन का मुझ को हर जर्रा देवता है

‘तराना-ए-हिंदी’, म्हणजेच ‘सारे जहाँ से अच्छा’, हाही याच भागातला, १९०४ सालचा. आज कानावर पडते ती चाल पं. रविशंकरांची; १९४५ साली मुंबईत इप्टा या नाट्यसंस्थेसाठी त्यांनी ती बांधली. येरवड्याच्या तुरुंगात आपण हे गीत शेकडो वेळा म्हटलं असेल, असं गांधीजींनी इक्बालच्या मृत्यूनंतर एका पत्रात लिहिलं होतं. शेवटचा शेर सहसा कुणी गात नाही. एवढ्या उत्साही गीताच्या शेवटी कवी म्हणतो की या जगात माझं मन जाणणारं कुणी नाही, माझं लपलेलं दुःख कुणाला काय ठाऊक.

युरोपचा मधला भाग भराभर चाळलात तरी चालेल. या काळातला माणूस कवितांपेक्षा पत्रांत जास्त सापडतो. मुंबईच्या अतिया फैजी त्याला १९०७ साली लंडनमध्ये भेटल्या; त्यांची बहीण नाजली ही जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. अतियांना लिहिलेली पत्रं १९४७ साली मुंबईतच पुस्तकरूपाने आली. त्यांत देशात परतल्यावर घुसमटलेला, लादलेल्या लग्नाने वैतागलेला, देश सोडून जावंसं वाटणारा इक्बाल दिसतो. पुतळा झालेल्या कवीला माणसात आणायचं असेल तर ही पत्रं वाचा.

तिसऱ्या भागात मात्र सावकाश जा. इथे ‘वतनियत’ आहे, जिच्यात नव्या देवांमधला सगळ्यात मोठा देव ‘वतन’ आहे आणि त्याचं वस्त्र हे धर्माचं कफन आहे असं तो म्हणतो. ‘हिन्दोस्ताँ हमारा’च्याच चालीवर लिहिलेला ‘तराना-ए-मिल्ली’ आहे: ‘मुस्लिम हैं हम वतन है सारा जहाँ हमारा’. तोच कवी, तेच वृत्त, मध्ये जेमतेम सहा वर्षं. आणि याच भागात रामावरची कविताही आहे, ‘है राम के वजूद पे हिन्दोस्ताँ को नाज’ म्हणणारी, जिच्यात रामाला ‘इमाम-ए-हिंद’ म्हटलंय. गुरू नानकांवरचीही आहे. ‘युरोपात गेला आणि बदलला’ असं एका वाक्यात उरकणाऱ्यांनी हा भाग वाचलेला नसतो. बदल झाला हे खरंच, पण तो युरोपातल्या राष्ट्रवादांची स्पर्धा जवळून पाहून झाला होता, आणि आधीचं सगळं पुसून झालेला नव्हता.

चौथी पायरी: ‘शिकवा’ आणि ‘जवाब-ए-शिकवा’ एका बैठकीत

या दोन कविता तोडून वाचू नयेत. पहिली १९११ साली लाहोरच्या अंजुमन हिमायत-ए-इस्लाम या संस्थेच्या जलशात वाचली गेली, दुसरी १९१३ साली. पहिलीत भक्त देवाशी भांडतो: आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं आणि तुझी मेहेरबानी मात्र परक्यांवर.

ऐ खुदा शिकवा-ए-अरबाब-ए-वफा भी सुन ले
खूगर-ए-हम्द से थोडा सा गिला भी सुन ले

सतत स्तुती करणाऱ्याकडून थोडी तक्रारही ऐकून घे, असं म्हणणं. विठ्ठलाला शिव्या देणारे अभंग ज्यांनी वाचलेत त्यांना ही लगट नवी वाटणार नाही. तेव्हाच्या मौलवींना मात्र ती फार बोचली. दुसऱ्या कवितेत देव उत्तर देतो, आणि ते उत्तर तक्रारीपेक्षा कडक आहे. दोष माझा नाही, तुमच्या आळसाचा आहे. दोन्ही कविता सहा ओळींच्या कडव्यांत, म्हणजे मुसद्दसमध्ये आहेत. चार ओळी चढत जातात आणि शेवटच्या दोन घाव घालतात. खुशवंतसिंगांचा इंग्रजी अनुवाद सोबत ठेवलात तर संदर्भ लागायला मदत होईल. इस्लामी इतिहासातली सगळीच नावं समजली पाहिजेत असं नाही. महमूद आणि अयाज, म्हणजे सुलतान आणि त्याचा गुलाम, एका रांगेत नमाजाला उभे राहिले, एवढं चित्र पुरतं.

पाचवी पायरी: खुदी

इथे बहुतेक जण घसरतात. ‘खुदी को कर बुलंद इतना’ हा शेर आता यशाचे मंत्र सांगणाऱ्या शिबिरांतला झालाय, त्यामुळे खुदी म्हणजे आत्मविश्वास असा समज पक्का होतो. जुन्या फारसी-उर्दूत हा शब्द अहंकार या वाईट अर्थाने येतो, आणि सूफींचा सगळा खटाटोप तो जाळण्याचा. इक्बालने तो उलटा केला. थेंबाने सागरात विरघळून जाणं त्याला नको. थेंबाने मोती व्हावं, आपलं वेगळेपण टिकवून देवासमोर उभं राहावं, हे त्याला हवं. व्यक्ती हीच खरी, ती घडवावी लागते, आणि ती घडते इच्छेने, कष्टाने, कुणापुढे हात न पसरण्याने.

हा विचार त्याने १९१५ साली ‘असरार-ए-खुदी’ या फारसी दीर्घकाव्यात मांडला, आणि त्याच्या मूळ उर्दू प्रस्तावनेत मराठी वाचकाने थांबावं अशी एक जागा आहे. श्रीकृष्णाचं नाव तो आदराने घेतो: कर्माचा त्याग म्हणजे कर्म सोडून बसणं नव्हे, हे त्याने सांगितलं. पण कृष्णाला आणि रामानुजाला जे उघड करून दाखवायचं होतं ते शंकराचार्यांच्या तर्काने पुन्हा झाकलं, अशी त्याची तक्रार. त्याच १९१५ साली पुण्यात लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झालं! गीता संन्यासाकडे नव्हे तर कर्माकडे नेते आणि शांकरभाष्याने तिला निवृत्तीकडे ओढलं, हाच तिथला वाद. दोघांचे धर्म वेगळे, दोघांची राजकारणं वेगळी, पण पारतंत्र्यात पडलेल्या समाजाला निवृत्तीने मारलं हे निदान एकच. ज्याने ‘गीतारहस्य’ची प्रस्तावना तरी वाचली आहे त्याला खुदी समजायला वेळ लागत नाही.

ही प्रस्तावना आणि फारसी कवी हाफिजवरची काव्यातली कडक टीका यांवरून सूफी वर्तुळात एवढं काहूर उठलं की पुढच्या आवृत्तीत त्याने दोन्ही गाळलं. १९२० मध्ये केंब्रिजच्या निकल्सनने या काव्याचा इंग्रजी अनुवाद केला. युरोपात लगेच नीत्शेच्या महामानवाशी तुलना सुरू झाली, ती इक्बालला मान्य नव्हती. तुम्हीही त्या तुलनेत फार वेळ घालवू नका.

सहावी पायरी: ‘बाल-ए-जिब्रील’, इथे मुक्काम करा

एकच पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा. १९३५ साल, कवी पन्नाशी ओलांडलेला, भाषेवर पूर्ण हुकमत. पुस्तक उघडताच पहिल्या पानावर काय आहे?

फूल की पत्ती से कट सकता है हीरे का जिगर
मर्द-ए-नादाँ पर कलाम-ए-नर्म-ओ-नाजुक बे-असर

आणि खाली नाव: भर्तृहरी. शिरीषाच्या फुलाच्या टोकाने हिरा कापायला निघावं तसं मूर्खाला गोड शब्दांनी वळवणं, हा ‘नीतिशतका’तला श्लोक. आपल्याला त्याच्या शेजारचा श्लोक वामन पंडितांमुळे पाठ असतो, ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’. मूर्खाचं मन वळत नाही हाच दोन्हींचा विषय. आपल्या सर्वांत पक्व उर्दू संग्रहाच्या दारावर इक्बालने संस्कृत कवी बसवला आहे. लाहोर, उज्जैन आणि वामन पंडितांचा सातारा एका पानावर येतात ते असे.

आत आधी गझला आहेत. रोज एक, त्याहून जास्त नको. त्यांत प्रेयसी शोधू नका. इथला ‘तू’ बहुतेकदा देव आहे आणि त्याच्याशी बोलणं बरोबरीचं आहे. मग नज्मा, म्हणजे एकेका विषयावरच्या सलग कविता. ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही त्याची सर्वश्रेष्ठ कविता असं अनेक समीक्षक म्हणतात, मलाही ते पटतं. १९३३ च्या जानेवारीत स्पेनमधली कोर्दोबाची मशीद पाहून ती सुचली. मुसलमानांची सत्ता जाऊन शतकं लोटली होती आणि मशिदीच्या पोटात चर्च उभं होतं. आठ शेरांचा एक असे आठ बंद, म्हणजे कडवी. पहिल्या बंदात मशीद नाहीच, नुसता काळ आहे: ‘सिलसिला-ए-रोज-ओ-शब, नक्श-गर-ए-हादसात’. दिवसरात्रीची साखळी घटनांची नक्षी काढत जाते आणि सगळं पुसत जाते. टिकतं ते इश्काने केलेलं काम. पहिल्या वाचनात पहिला बंद आणि शेवटचा बंद घ्या, मधलं नंतर.

‘लेनिन, खुदा के हुजूर में’ आणि तिच्या पाठोपाठची ‘फरमान-ए-खुदा’ यांचा जोडीने आस्वाद घ्यावा. मेलेला लेनिन देवापुढे उभा राहून विचारतो की तू न्यायी आहेस तर तुझ्या जगात मजुराचे दिवस इतके कडू का? मग देवच फर्मान काढतो की ज्या शेतातून शेतकऱ्याला भाकरी मिळत नाही त्या शेतातली गव्हाची प्रत्येक ओंबी जाळून टाका. ‘जिब्रील-ओ-इब्लीस’ ही छोटी संवादिका तर सैतानाच्या बाजूने वाचली तरी झकास लागते, आणि शेवटची ओळ इब्लीसलाच दिलेली आहे. ‘जावेद के नाम’ ही कविता मुलाचं पहिलं पत्र लंडनला पोचल्यावर लिहिलेली. मुलाने पत्रात ग्रामोफोन मागितला होता. बापाने उत्तरात कविता पाठवली. पोराचं काय झालं असेल ते आपण समजू शकतो.

सातवी पायरी: फारसी, अनुवादातून

इक्बालची निम्म्याहून जास्त कविता फारसीत आहे, तेव्हा ती पूर्ण टाळता येत नाही. पण एकच ग्रंथ निवडायचा तर ‘जावेदनामा’ (१९३२), आर्बरीच्या इंग्रजी अनुवादातून. मौलाना रूमीचा हात धरून कवी ग्रहांवरून फिरतो. चंद्रावरच्या गुहेत त्याला एक भारतीय ऋषी भेटतो, जहाँ-दोस्त, म्हणजे विश्वामित्र. गुरू ग्रहावर सूफी हल्लाज आणि गालिब. सगळ्यांच्या पलीकडे नीत्शे, टिपू सुलतान आणि पुन्हा एकदा भर्तृहरी. शनीवर रक्ताच्या समुद्रात दोन फितूर अडकलेत, बंगालचा मीर जाफर आणि दख्खनचा मीर सादिक. नरकसुद्धा त्यांना आत घ्यायला तयार नाही. टिपूच्या समाधीला इक्बाल १९२९ साली जाऊन आला होता, ते त्या ओळींतून जाणवतं. जर्मन कवी गटेच्या ‘दिवाण’ या काव्यसंग्रहाला उत्तर म्हणून लिहिलेला ‘पयाम-ए-मश्रिक’ (१९२३) हवा तर नंतर.

उर्दू-फारसी मिळून एकच इंग्रजी निवड हवी असेल तर व्ही. जी. किअरनन यांची घ्या. ती पहिल्यांदा १९४७ साली मुंबईतूनच निघाली.

आठवी पायरी: गद्य, आणि जिथे खटकतं त्या जागा

‘स्ट्रे रिफ्लेक्शन्स’ ही १९१० मधली त्याची इंग्रजी टिपणवही आधी वाचा. अर्ध्या-अर्ध्या पानाच्या नोंदी आहेत. विद्यार्थीदशेत आपल्याला नास्तिक होण्यापासून वर्ड्स्वर्थने वाचवलं, अशी एक गमतीदार कबुलीही त्यात आहे. मग धर्मविचाराच्या पुनर्रचनेवरची व्याख्यानं. १९२९ च्या जानेवारीत मद्रास, म्हैसूर, हैदराबाद असा त्याचा दौरा झाला. १९३० साली सहा व्याख्यानं छापली गेली, १९३४ च्या आवृत्तीत सातवं आलं. पहिल्यापासून सुरुवात केलीत तर व्हाइटहेड आणि आइन्स्टाइनमध्ये अडकाल. सहावं आधी घ्या. इस्लामी कायदा गोठलेला नाही, प्रत्येक पिढीने तो नव्याने विचारात घ्यायचा आहे, हे त्यात सरळ मांडलंय.

राजकारणासाठी २९ डिसेंबर १९३० चं अलाहाबादचं मुस्लिम लीगचं अध्यक्षीय भाषण मुळातून वाचा, त्याबद्दल लिहिलेलं नंतर. पंजाब, सरहद्द प्रांत, सिंध आणि बलुचिस्तान मिळून एक राज्य व्हावं, ब्रिटिश साम्राज्यात किंवा बाहेर, असं त्यात आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, तो १९३६ ला वेगळा झाला. बंगालचा उल्लेख या मागणीत नाही, आणि ‘पाकिस्तान’ हा शब्दही नाही. तो चौधरी रहमत अली यांनी १९३३ मध्ये काढला. पण १९३६-३७ मधली जिनांना लिहिलेली पत्रं वाचली की त्याचा कल कुठे होता याबद्दल फार शंका राहत नाही. त्याला फाळणीचा खलनायक करणंही चूक आणि ‘सारे जहाँ से’ पुढे करून हे सगळं झाकणंही चूक.

मराठी वाचकाला खटकेल अशी आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. १९१० मध्ये हैदराबादहून परतताना तो खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवर गेला होता, अतियांना तसं पत्र आहे, आणि पुढे ‘रुमूज-ए-बेखुदी’मध्ये त्याने औरंगजेबाला आपल्या भात्यातला शेवटचा बाण म्हटलंय. आपल्या इतिहासाने हा बाण वेगळ्या बाजूने पाहिला आहे. तिथे मतभेद नोंदवा आणि पुढे चला. तसंच ‘जर्ब-ए-कलीम’ (१९३६) मधल्या स्त्रियांवरच्या कविता. ‘वजूद-ए-जन से है तस्वीर-ए-कायनात में रंग’ ही सुंदर ओळ जिथून येते तिथेच फार जुनाट मतंही आहेत. लोकशाहीत माणसं मोजतात, तोलत नाहीत, हा टोमणाही त्याच पुस्तकातला.

जाता जाता: व्हॉट्सअ‍ॅपवरचे शेर

इक्बालच्या नावावर फिरणारं बरंच काही त्याचं नाही. ससाणा, वादळ, कौम असे शब्द दिसले की लोक खाली त्याचं नाव ठोकून देतात. ‘खुदा ने आज तक उस कौम की हालत नहीं बदली’ हा शेर जफर अली खान यांचा. पडताळा सोपा आहे: त्याच्या उर्दू पुस्तकांची नावं चार, ‘बांग-ए-दरा’, ‘बाल-ए-जिब्रील’, ‘जर्ब-ए-कलीम’ आणि मृत्यूनंतर आलेलं ‘अरमुगान-ए-हिजाज’, ज्याचा अर्धाअधिक भाग फारसी आहे. लाहोरच्या इक्बाल अकादमीच्या संकेतस्थळावर किंवा रेख्तावर पहिले दोन-तीन शब्द टाकून शोधा. या चारांत सापडला नाही तर बहुधा दुसऱ्याचा, कारण सुरुवातीच्या काही रचना त्याने स्वतःच संग्रहाबाहेर ठेवल्या, पण त्या अशा फिरत नाहीत. ‘तुंदी-ए-बाद-ए-मुखालिफ से न घबरा ऐ उकाब’ हा तुमच्याकडेही आला असेलच. शेर चांगला आहे, पुढे पाठवायला हरकत नाही. फक्त खालचं नाव खोडून सय्यद सादिक हुसैन लिहा.